कोपऱ्यातली चौकट

फळा पुसण्यात मास्तरांचा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. हे मत अर्थात मास्तरांचं स्वतःचं. पण ते इतक्या ठामपणे मांडत की ऐकणाऱ्याजवळ स्वतःचं असं काही मत उरतच नसे.

मास्तर चित्रकलेचे. सगळी नोकरी एकाच शाळेत गेली. चित्रकलेचे तास आठवड्यातून मोजकेच, त्यामुळे शाळेतली उरलेली बिनबापाची कामं त्यांच्या गळ्यात पडली. दर्शनी फळ्यावरचा रोजचा सुविचार, निकालाची तारीख, पाहुण्यांचं स्वागत, हरवलेल्या छत्रीची सूचना, सगळं मास्तरांच्या अक्षरात. अक्षर असं की आपली छत्री कधीतरी हरवावी असं मुलांना मनापासून वाटे. पण मास्तरांना अभिमान होता तो अक्षराचा नव्हे, पुसण्याचा. ते म्हणत, "लिहितात सगळेच. पुसतो कोण?" डस्टर वरून खाली सरळ ओढायचं. गोल फिरवलंत की फळ्यावर ढग जमलेच म्हणून समजा. मग ओलं फडकं, मग कोरडं. आणि काही झालं तरी उजव्या कोपऱ्यातली चौकट सोडायची. तारीख, वार, इयत्ता, पटावर मुलं किती, हजर किती. ही चौकट जो पुसतो तो मास्तरच नव्हे, अशी त्यांची साधी सरळ व्याख्या होती.

मास्तरांची बायको कॉलेजात गणित शिकवायची. तिथे तिला सगळे मॅडम म्हणत आणि घरी थट्टेत मास्तरही म्हणत. म्हणता म्हणता थट्टा जाऊन नुसतं मॅडम राहिलं. मॅडमनी सगळं आयुष्य त्याच त्या वर्गांना तीच ती गणितं शिकवण्यात घालवलं होतं आणि त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. पण आतून त्यांचं स्वतःचं असं एक गणित चालू असे. कधी पोळ्या लाटताना, कधी दाराला कुलूप लावताना त्या मध्येच थबकत आणि हवेत बोट फिरवत. मास्तरांनी म्हणून घराच्या गॅलरीतली एक भिंत काळी रंगवून दिली होती. मॅडमना फळ्याशिवाय विचारच करता येत नसे. कागदावर म्हणे त्यांचं डोकं आखडतं.

अशा मॅडमना परदेशातल्या एका विद्यापीठाने एका सत्रासाठी शिकवायला बोलावलं. बरोबर अशीही विनंती केली की सत्राच्या शेवटी सगळ्या विभागासमोर स्वतःच्या कामावर एक व्याख्यान द्यावं. मॅडमनी ते पत्र दोनदा वाचलं, आणि नाही म्हणून कळवते म्हणाल्या. एवढी वर्षं आपलं गणित गॅलरीच्या बाहेर गेलं नाही, आता ते शिकलेल्या लोकांपुढे काय मांडायचं, असं त्यांचं म्हणणं.

मास्तर उसळले. "तू नुसतं शिकव आणि व्याख्यान दे. बाकी सगळं माझ्याकडे. माझ्यामुळे तिथे कोणाला एक शब्द बोलायची वेळ आली तर नाव बदलीन."

"नाव नका बदलू," मॅडम म्हणाल्या. "फक्त माझ्या विभागात कशाला हात लावू नका."

मास्तरांनी तिथल्या तिथे वचन दिलं आणि दोघं विमानात बसली.

राहायला मिळालेली जागा तिसऱ्या मजल्यावर होती. एक खोली, एक अरुंद स्वयंपाकघर, पण स्वयंपाकघराला खिडकी मात्र अशी की अर्धी भिंत नुसती काच. मास्तर दोन-चार दिवसांत रुळले. कपडे धुवायचं यंत्र तळघरात होतं. त्याच्या बटणांशी आधी भांडण झालं, मग मैत्री झाली. खालच्या मजल्यावरच्या आजींना मास्तर रोज हात जोडून नमस्कार करत आणि आजी उलट हात हलवत. दोघांनाही एकमेकांचं एक अक्षर कळत नसल्यामुळे संबंध अतिशय गोडीचे राहिले. बायको कमावतेय, आपण भाजी चिरतोय, खिडकीतून ऊन येतंय. मास्तरांना एकंदर हे परदेश प्रकरण फार मानवलं. इतकी वर्षं आपण उगाच नोकरी केली, असंही त्यांनी मायदेशी असलेल्या लेकीला फोनवर सांगून टाकलं.

दुपारी मॅडमचा डबा विभागात पोचवायचा, हे त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलेलं काम. नाहीतर मॅडम जेवायचं विसरत. विभागात मॅडमना जी खोली दिली होती तीत दोन टेबलं होती. दुसऱ्या टेबलाशी एक तरुण प्राध्यापिका बसे. ती इतकी हळू चाले आणि त्याहून हळू बोले की मास्तरांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव मांजरपावली ठेवलं. आणि त्या खोलीत एक फळा होता. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत काळाभोर, जुन्या घडणीचा, खाली खडू ठेवायला लाकडी पट्टी. फळा बघून मास्तरांना शाळेची आठवण आली आणि डोळे भरून यायच्या बेतात होते. पण ते आले नाहीत, कारण फळा घाण होता. वरपासून खालपर्यंत कोणीतरी बारीक, किडकिड्या अक्षरात गणितं लिहून ठेवली होती. काही जागी खडू उडालेला, काही जागी हात लागून फिसकटलेला. उजव्या कोपऱ्यात मात्र चौकट होती! चौकटीत तिथल्या भाषेत दोन-तीन शब्द. मॅडमना ती भाषा येत होती, मास्तरांना नव्हती; पण चौकट ती चौकट. तारीख, वार, पट, हजर. जगाच्या पाठीवर कुठेही जा, मास्तर लोक सारखेच, म्हणून त्यांना गहिवरून आलं.

मॅडमनी लेकीला पाठवायला म्हणून त्या दिवशी त्यांचा फोटो काढला. मास्तर फळ्यापुढे उभे राहिले, एक हात वर करून, जणू काही समजावून सांगताहेत. मॅडम म्हणाल्या, जरा बाजूला सरका, फळा झाकला जातोय. मास्तर म्हणाले, फळ्याला काय बघायचंय, माणूस दिसला पाहिजे. मग फोटो झाल्यावर त्यांचा हात सवयीनं डस्टरकडे गेला.

"राहू द्या हो तो फळा," मॅडम म्हणाल्या.

आता मॅडमचं 'राहू द्या' मास्तरांच्या चांगलं ओळखीचं. पाण्याची बादली उचलायला गेलं की राहू द्या. माळ्यावरची बॅग काढायला गेलं की राहू द्या. त्याचा अर्थ इतकाच की तुमची कंबर सांभाळा. मास्तरांनी तो तसाच घेतला आणि बायकोच्या काळजीनं सुखावून घरी गेले.

दिवस चांगले चालले होते, फक्त मॅडम मिटत चालल्या होत्या. शिकवणं छान होत होतं, मुलं खूश होती. पण व्याख्यान जवळ येत होतं आणि त्यांचं गणित एका ठिकाणी अडून बसलं होतं. कागदांचे गोळे टेबलाखाली जमायला लागले. एकदा आंघोळीनंतर आरशावर वाफ धरली होती, तर मॅडम टॉवेल गुंडाळून त्या वाफेवरच लिहीत उभ्या होत्या. शेवटच्या ओळीपर्यंत पोचेतो पहिली ओळ वाहून गेली. मास्तरांनी विचारलं, काय होतंय. मॅडम म्हणाल्या, "काही नाही. इथे फळा मिळत नाही. मी कळवूनच टाकते, व्याख्यान जमणार नाही म्हणून."

मास्तरांना हे कोडंच पडलं. अख्खी भिंतभर फळा समोर असताना मिळत नाही म्हणजे काय? मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. मिळत नाही, कारण कोणी पुसत नाही! इथले लोक हुशार असतील, पण फळा पुसायची शिस्त नाही. आणि मॅडम पडल्या पाहुण्या; दुसऱ्याची घाण आपण कशी काढायची, म्हणून भिडेनं गप्प. वचनाची त्यांना आठवण झाली नाही असं नाही. पण कशाला हात लावू नका म्हणजे वस्तूंना. पुसणं म्हणजे हात लावणं नव्हे, उलट लागलेले हात काढणं, असा त्यांनी स्वतःपुरता निकाल दिला.

दुसऱ्या दिवशी मास्तर डबा घेऊन नेहमीपेक्षा लवकर निघाले. खोलीत कोणी नव्हतं. मॅडमचा तास चालू होता, मांजरपावलीही वर्गावर. मास्तरांनी डबा टेबलावर ठेवला, कोटाच्या बाह्या सारल्या आणि पिशवीतून घरून आणलेली दोन फडकी काढली.

काय सांगावं ते पुसणं! वर्षानुवर्षं हाताला फळा नव्हता. डस्टर वरून खाली, वरून खाली. किडकिडी अक्षरं भुरुभुरु खाली आली. मग ओलं फडकं, मग कोरडं. हळूहळू फळा मूळच्या काळ्या रंगावर आला, जसा काही तळ्यात उतरून न्हाऊन निघाला. कोपऱ्याशी आल्यावर मात्र मास्तरांचा हात आदबीनं थांबला. चौकटीच्या कडेकडेनं त्यांनी फडकं अलगद फिरवलं, आतल्या एका शब्दालाही धक्का लावला नाही. उलट शब्द फिके झालेत असं दिसल्यावर नवा खडू घेऊन त्यांनी ते एकेक अक्षर गिरवून ठसठशीत केलं. चौकटीच्या रेघाही सरळ केल्या. मग दोन पावलं मागे येऊन डोळे बारीक करून बघितलं. एवढा मोठा फळा, निर्मळ, आणि कोपऱ्यात तेवढी रेखीव चौकट. मॅडम येतील, बघतील, आणि तिथल्या तिथे त्यांचं अडलेलं गणित सुटेल. मास्तरांचा ऊर भरून आला. त्यांनी फोटो काढून लेकीला पाठवला आणि खाली लिहिलं, 'आजची गुरुसेवा'.

लेकीचा फोन लगेच आला.

"बाबा, आई कुठे आहे?"

"वर्गावर. का गं? कसा झालाय फळा?"

"बाबा, त्या कोपऱ्यात काय लिहिलंय माहितेय का तुम्हाला?"

"तारीख, वार, पट, हजर," मास्तर म्हणाले.

"मी मोबाइलमध्ये अर्थ बघितला," लेक म्हणाली. "तिथे लिहिलंय, 'कृपया हा फळा पुसू नये'."

मास्तरांनी फळ्याकडे बघितलं. सगळ्या स्वच्छ, काळ्या, पुसलेल्या फळ्यावर आता एवढी एकच सूचना होती. तीही त्यांच्याच हातची, ठसठशीत, लांबूनसुद्धा वाचता यावी अशी.

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ज्या अर्थी पुसू नये असं लिहिलंय त्या अर्थी ते कोणाचं तरी काम होतं. कोणाचं म्हणजे कोणाचं? विभागप्रमुखांचंच असणार. मोठ्या माणसाचं वर्षानुवर्षांचं काम मॅडमच्या खोलीत, मॅडमच्या नवऱ्यानं, घरच्या फडक्यानं पुसून टाकलं. आता लोक व्याख्यानाला येतील ते कशाला? ही ती, जिचा नवरा पुसतो, हे बघायला! आयुष्यात एकदाच मॅडमचं गणित गॅलरीच्या बाहेर आलं होतं. मास्तर खुर्चीत बसले ते बसलेच. लेक फोनवर हाका मारत होती.

"बाबा, रडू नका. तुमचा तो पहिल्या दिवशीचा फोटो आहे ना? त्यात फळा आहे."

फोटो होता. मास्तरांनी तो बोटांनी मोठा केला. फळा दिसत होता, अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. फक्त मध्यभागी मास्तर होते. डोकं, दोन खांदे, आणि वर केलेला हात. फळ्याला काय बघायचंय, माणूस दिसला पाहिजे, हे स्वतःचं वाक्य त्यांना आठवलं आणि त्या माणसाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

पण वेळ नव्हता. मास्तरांनी फोन खडूंच्या डब्याला टेकवून उभा केला आणि कामाला लागले. गणितातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण नक्कल कळत होती. नाहीतरी शाळेत जन्मभर हेच शिकवलं होतं. काय आहे ते बघू नका, कसं दिसतं ते बघा. ही वळलेली काठी, हा उलटा आकडा, हा पाय दुमडून बसलेला माणूस. ओळीमागून ओळी उतरायला लागल्या. किडकिडं अक्षर काढायचा त्यांनी प्रामाणिक प्रयत्न केला, पण हात ऐकेना. प्रत्येक चिन्हाला आपोआप डौल यायचा. डावीकडे समास आपोआप आखला गेला. ओळी तर अशा सरळ की वर मुंगी सोडली असती तर ती शिस्तीत चालली असती.

होता होता सगळा फळा भरला आणि मधोमध मास्तरांच्या आकाराचं भोक उरलं.

"आता इथे काय?" त्यांनी लेकीला विचारलं.

"आजूबाजूचं बघून भरा. आणि देवाचं नाव घ्या."

मास्तरांनी आजूबाजूचं बघितलं. डावीकडे काठ्या जास्त होत्या, उजवीकडे गोल. म्हणून खांद्यांच्या जागी त्यांनी काठ्या आणि गोल आलटून पालटून काढले. हाताच्या जागी एक कंस वर चढत नेला. डोक्याची जागा तरीही ओकीबोकी दिसत होती, सगळ्या चित्राचा तोल जात होता. तिथे त्यांनी एक मोठं वेलांटीदार चिन्ह काढलं, शेपटी खालच्या ओळीपर्यंत आणलेली. ते चिन्ह गणितात आहे की नाही देव जाणे, पण तिथे ते हवंच होतं.

शेपटी पुरी होतेय तोच दार उघडलं. मॅडम आत आल्या. त्यांच्या मागून दारात वाकत विभागप्रमुख आले. ते इतके उंच होते की प्रत्येक दाराला नमस्कार करूनच आत येत. आणि सगळ्यांत शेवटी, आवाज न करता, मांजरपावली.

मॅडमनी फळ्याकडे बघितलं. संसारातली प्रत्येक सामानाची यादी, लेकीच्या लग्नाची पत्रिका आणि डब्याडब्यांवरची 'मीठ', 'साखर' ही अक्षरं ज्या हातानं लिहिली होती तो हात त्या विसरणार थोड्याच! त्यांची नजर फळ्यावरून नवऱ्याच्या कोटावर आली. काळा कोट पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा झाला होता. मॅडमनी हळूच एक खुर्ची ओढून घेतली आणि तिच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या.

विभागप्रमुख फळ्यासमोर गेले. कमरेवर हात ठेवून बघत राहिले. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, परत मध्यभागी आले आणि त्या वेलांटीपाशी थांबले. मग वळून तिथल्या भाषेत मॅडमना काहीतरी विचारलं. मास्तरांना शब्द कळले नाहीत, पण फळ्याकडे गेलेलं आणि मग मॅडमकडे वळलेलं बोट कळलं. आपल्या चुकीचं खापर बायकोच्या डोक्यावर फुटतंय, एवढं त्यांना पुरे झालं.

ते पुढे झाले. "साहेब, मॅडमचा यात काडीचाही संबंध नाही. त्यांनी मला बजावलं होतं, कशाला हात लावू नका. फळा मी पुसला. परत लिहिलाही मीच. मधलं सगळं खोटं आहे, तिथे माझं डोकं होतं. काय बोलायचं ते मला बोला. मॅडमचं व्याख्यान मात्र होऊ द्या. ती बाई घरात, वाफेवर, हवेत, जागा मिळेल तिथे गणित करते हो. तिला एकदा ऐकून घ्या." हे सगळं मराठीत. बोलता बोलता त्यांनी पांढरे झालेले दोन्ही हात पुढे केले.

विभागप्रमुखांनी मॅडमकडे बघितलं. एवढ्या लांबलचक भाषणाचं मॅडमनी भाषांतर केलं ते फार तर चार शब्दांत. त्यातली व्याख्यानाची विनवणी त्यांनी वगळली हे मास्तरांना कळलं, कारण तिथे पोचल्यावर मॅडमचे डोळे ओले झाले आणि त्या थांबल्या.

पण विभागप्रमुख रागावले नाहीत. ते मांजरपावलीकडे वळले आणि दिलगिरीच्या सुरात काही म्हणाले. मांजरपावली दचकली. मान हलवून तिनं उलट त्यांच्याकडेच बोट केलं. विभागप्रमुखांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवून भुवया वर केल्या. मग दोघांनी मिळून मॅडमकडे बघितलं. मॅडमनीही मान हलवली. तिघं एकदम बोलायला लागले, मग तिघं एकदम गप्प झाले, आणि मग विभागप्रमुख जे हसत सुटले ते टेबलाला टेकूनच थांबले.

मॅडमनी नवऱ्याला जे थोडक्यात सांगितलं ते असं. विभागप्रमुखांना इतकी वर्षं वाटत होतं की फळ्यावरचं काम मांजरपावलीचं आहे. मांजरपावली नोकरीला लागली तेव्हा फळा असाच भरलेला होता; तिला वाटलं विभागप्रमुखांचं काम आहे, म्हणून ती त्याला खेटूनसुद्धा चालत नसे. मॅडमना वाटलं दोघांपैकी कोणाचं तरी असेल. ते काय आहे हे कोणालाच कळत नव्हतं, आणि कळत नाही असं विचारायचं कसं, म्हणून कोणी कोणाला विचारलंच नव्हतं. ते लिहिणारा कोण, कधी लिहून गेला, कोणालाही पत्ता नव्हता.

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. मॅडमच्या चेहऱ्यावर मात्र एकदम उजेड पडल्यासारखं झालं. त्यांनी घाईघाईनं विभागप्रमुखांना विचारलं, म्हणजे हा फळा कोणाचाच नाही?

विभागप्रमुखांनी मास्तरांचा खडूनं माखलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. ते म्हणाले, आजवर कोणाचाच नव्हता, आता यांचा आहे. इतकं सुंदर लिहिलेलं गणित आपण जन्मात बघितलं नाही, त्यातही मधला भाग तर फारच देखणा आहे. मॅडमचं उघडं तोंड तसंच मिटलं. विभागप्रमुखांनी पट्टीवरचा खडू उचलला आणि कोपऱ्यातल्या चौकटीत, मास्तरांनी गिरवलेल्या शब्दांखाली, स्वतःच्या हातानं एक जाड रेघ ओढली.

घरी जाताना वाटेत बागेजवळ एक बाक होता, तिथे मॅडम बसल्या. मास्तर उभेच राहिले.

"अहो, आज मी त्यांना का घेऊन आले होते, माहितेय?" मॅडम म्हणाल्या. "हा फळा पुसू का, हे विचारायला. किती दिवस धीर करत होते. तुम्ही पुसलात ते पुसलात, तसाच राहू दिला असतात तर? फळा कोणाचाच नाही हे आज कळलंच असतं. माझ्यापुढे कोरा फळा असता."

मास्तरांना ते हळूहळू उमगत गेलं. त्यांचा चेहरा बघून मॅडमना हसू फुटलं. पदराआड दाबायला गेल्या तर जास्तच आलं. इतक्या दिवसांत त्या अशा हसल्या नव्हत्या. शेवटी मास्तरही बाकावर टेकले आणि हसायला लागले, आणि येणारे-जाणारे त्या पांढऱ्या कोटवाल्या म्हाताऱ्याकडे वळून बघायला लागले.

त्या संध्याकाळी मास्तर काचेवर लिहायचं पेन घेऊन आले आणि स्वयंपाकघराची खिडकी मॅडमच्या ताब्यात गेली. अर्ध्या भिंतीएवढी काच! मॅडम लिहीत, मास्तर भाजी परतत. काच भरली की मास्तर फडकं घेऊन शेजारी येऊन उभे राहत, पण विचारल्याशिवाय हात लावत नसत. उजव्या कोपऱ्यात त्यांनी चौकट आखली होती. तारीख, वार, पट दोन, हजर दोन. मास्तर तळघरात कपडे धुवायला गेले की मॅडम तेवढ्यापुरतं हजर एक करत. अडलेलं गणित एका सकाळी त्या काचेवरच सुटलं. काचेपलीकडे खालच्या आजी अंगणातून हात हलवत होत्या आणि मॅडमनीही भान विसरून दोन्ही हात हलवले.

व्याख्यान मोठ्या सभागृहात झालं. तिथे एकाखाली एक दोन फळे होते आणि मॅडमनी दोन्ही भरले. मास्तर शेवटच्या रांगेत, हात मांडीखाली दाबून बसले होते. कळलं काहीच नाही, पण लोक पुढे सरकून ऐकत होते, विभागप्रमुख मान डोलवत होते, आणि शेवटी टाळ्या थांबेचनात. मास्तरांनी टाळ्यांपुरते हात बाहेर काढले आणि मग रुमाल काढायलाही ते उपयोगी पडले.

सगळे गेल्यावर मॅडमनी डस्टर उचलून नवऱ्यापुढे धरलं. "आता पुसा," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी वरून खाली, सरळ, असे दोन्ही फळे पुसले. जन्मात इतकं झकास पुसणं त्यांच्या हातून झालं नव्हतं. निघताना सवयीनं त्यांनी खालच्या फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात चौकट आखली आणि शुद्ध मराठीत, शाळेतल्या ठेवणीतल्या अक्षरात, तारीख, वार, पट आणि हजर लिहून टाकलं.

मायदेशी परतल्यावर बऱ्याच दिवसांनी मांजरपावलीचा निरोप आला. सोबत सभागृहातल्या फळ्याचा फोटो होता. कोणाचं तरी गणित फळाभर पसरलं होतं, पण कोपऱ्याशी येऊन ते अंग चोरून वळलं होतं. चौकट जशीच्या तशी होती. मांजरपावलीनं फार अदबीनं विचारलं होतं की यात काय लिहिलंय, कारण ते कोणालाच वाचता येत नाही, आणि मॅडमचं काही महत्त्वाचं काम असेल म्हणून विभागप्रमुखांनी ते कोणी पुसू नये असं सांगितलंय.

मॅडम उत्तर लिहायला बसल्या. मास्तरांनी चष्मा लावून फोटो पुनःपुन्हा बघितला. मग त्यांनी मॅडमचा हात धरला.

"राहू दे गं तो फळा," ते म्हणाले.